तीस दिवस न आलेला आठ

मानकोली

चि. रोहन यास,


तू पाठवलेला कल्याण मटक्याचा पॅनल चार्ट नीट पाहिला. लाल पेनाने गोल केलेले आठ, बाजूला मांडलेल्या अंकांच्या जोड्या. गोदामातली पाळी संपवून तू किती जागला असशील ते दिसतं. तुझं डोकं चांगलं चालतं, म्हणूनच स्पष्ट लिहितो: त्या कागदात उद्याचा अंक नाही.

पत्ती कशी निघते ते बघ. तीन पत्ते, त्यांची बेरीज आणि बेरजेतला शेवटचा अंक. १३८ ची बेरीज १२, म्हणून अंक दोन. अशा एकूण २२० पत्त्या होतात आणि प्रत्येक अंकाच्या वाट्याला बरोबर २२ येतात: बारा सिंगल, नऊ डबल, एक ट्रिपल. कुठल्याच अंकाला झुकतं माप नाही. तू म्हणतोस, आठ तीस दिवस आला नाही, आता येणारच. पण पत्त्यांना कालचं काही आठवत नाही. एखादा अंक सलग तीस वेळा न येण्याची शक्यता शेकडा चार. ती कमी वाटते, पण तीनशे दिवसांच्या चार्टात दहाही अंक धरले तर असे खंड सरासरी अकरा-बारा वेळा पडतातच. इटलीत व्हेनिसच्या सोडतीत ५३ हा आकडा जवळपास दोन वर्षं आला नाही. आता येणारच म्हणून लोकांनी घरादाराचे पैसे लावले, कित्येक बुडाले. तो निघाला ९ फेब्रुवारी २००५ ला. निघायचाच होता, पण कधी, हे चार्टावरून कुणालाच सांगता आलं नाही.

तू म्हणशील, आकडे सांगणाऱ्या अमक्या गेसरचा अंक लागतो. दहा गेसर दहा वेगळे अंक देतात तेव्हा एकाचा लागणारच, आणि दुसऱ्या दिवशी फक्त त्याचाच बोलबाला होतो. शिवाय आला तर ‘रिपीट झाला’, नाही आला तर ‘ड्यू आहे, येणारच’, असे दोन्ही नियम हाताशी असले की मागचा कुठलाही अंक जुळवून दाखवता येतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: आकडा ठरवूनच काढतात, मग ठरवणाऱ्याची चाल सापडेल की! पूर्वी हा जुगार न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून येणाऱ्या भावांवर चाले. १९६१ च्या सुमारास ते भाव बंद झाले, आणि पुढे मटका चालवणारे कल्याणजी भगत, रतन खत्री यांच्या काळात पत्ते काढणं सुरू झालं. म्हणजे पैसे घेणारा आणि आकडा काढणारा एकाच बाजूचा झाला. तो खरंच लबाडी करत असेल, तर ज्यावर सर्वांत कमी पैसे लागलेत तोच अंक काढेल. तुला दिसलेला पॅटर्न हजारोंना दिसतो, त्यावर पैसे पडतात, म्हणून तोच अंक टाळला जाईल. खेळ सचोटीचा असो वा लबाडीचा, चार्ट निरुपयोगीच.

आणि हिशेब? अंकाला साधारण नऊपट मिळतात. रोज दहा रुपये लावले तर तीनशे दिवसांत तीन हजार जातात, सरासरी तीस वेळा लागून सत्तावीसशे येतात. ही तूट कुठल्याही अंकाने भरत नाही. १८८७ च्या जुगारबंदी कायद्याची भीती मी त्यात धरलेलीच नाही.

तरी पटत नसेल, तर उद्यापासून रोज सोडतीआधी एक अंक मला मेसेज कर. पैसा लावू नकोस. तीनशे दिवसांनी किती जुळले ते दोघं मोजू. आणि कुणाचं देणं झालं असेल तर आत्ताच सांग. मी रागावणार नाही, पगाराच्या तारखा धरून ते कसं फेडायचं ते बसून ठरवू.

तुझा,
मामा