फायबरचा हिशोब : तार स्वस्त, खोदाई महाग

व्यापारी बंधूंनो, आज ऑर्डर, ई-वे बिल, पैशांची देवघेव सारे इंटरनेटवर चालते. त्यामुळे मार्केट कमिटी किंवा केबलवाला फायबर टाकायला निघाला की कोणत्या पद्धतीने, हे आपण विचारले पाहिजे. समजा, बाजारात ३२० दुकाने आहेत.

पहिली पद्धत : एक्स्चेंजपासून प्रत्येक दुकानाला स्वतंत्र तंतू. म्हणजे ३२० तंतू आणि एक्स्चेंजमध्ये ३२० पोर्ट. दुसरी ‘पॉन’ : एका तंतूतला प्रकाश बाजाराजवळ स्प्लिटरने ३२ दुकानांत वाटायचा. येथे १० तंतू, १० पोर्ट पुरतात आणि स्प्लिटरला वीज लागत नाही. तिसरीत रस्त्यावर स्विचची पेटी असते. तंतू थोडेच लागतात. पण वीजबिल, बॅटरी, देखभाल दरमहा गळ्यात. बॅटरी संपली की सारा बाजार बंद!

आता कोणी म्हणेल, ३२० कुठे आणि १० कुठे! पण घाई नको. मोठा खर्च खोदाईचा, पाइपचा आणि रस्ता पुन्हा बुजवण्याचा असतो. ट्रकमध्ये दहा गाठी भरा की वीस, भाडे जवळपास तेच. तसेच केबलमध्ये तंतू वाढले म्हणून खोदाई वाढत नाही. पॉनची खरी बचत पोर्ट, जागा, वीज आणि तंतू जोडण्याची मजुरी यांत आहे.

या बचतीची किंमतही असते. जीपॉनचा वेग २.५ गिगाबिट; ३२ जणांनी एकाच वेळी पूर्ण वापर केला तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ७८ मेगाबिट. एका दुकानाचे यंत्र बिघडून सतत प्रकाश सोडू लागले तर बाकी ३१ जणांचेही काम अडते.

सरकारी भारतनेटमध्येही गावे आधी एका रांगेत जोडली गेली; तार तुटली की पुढची गावे बंद. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १,३९,५७९ कोटींच्या सुधारित कार्यक्रमात म्हणूनच गोल कड्याची, दोन्ही बाजूंनी वाट असलेली रचना घेतली.

माझे मत असे की बाजाराने पॉनच घ्यावे, पण सारे स्प्लिटर कुलपाच्या एकाच खोलीत ठेवावेत आणि तेथून प्रत्येक दुकानाला स्वतंत्र तंतू न्यावा. एक्स्चेंजकडून १० ऐवजी २४ तंतूंची केबल घ्यावी, चरात एक रिकामा पाइपही टाकावा. उद्या कुणाला स्वतंत्र लाइन हवी झाली तर रस्ता पुन्हा खोदावा लागणार नाही. सही करण्यापूर्वी एका स्प्लिटरवर दुकाने ३२ की ६४, हे कागदावर लिहून घ्या. ६४ वाल्याचा दर नेहमीच स्वस्त दिसतो.