लेन्सच्या खोक्यावरचे आकडे

ऑप्टोमेट्रीचे नवे इंटर्न आले की मी त्यांच्या हातात कॉन्टॅक्ट लेन्सचं एक खोकं देते आणि त्यावरचा प्रत्येक आकडा कशाचा, ते विचारते. बेस कर्व्ह, डायमीटर, डीके यांच्या व्याख्या बहुतेकांना तोंडपाठ असतात. अडतात ते पुढच्या प्रश्नाला: हा आकडा चुकला तर पेशंटला काय होईल? परीक्षेत पहिल्या उत्तराला गुण मिळतात, पण ओपीडीत दुसऱ्याच उत्तराची गरज पडते.

ही गरज मला पटली ती एका कॉलेजच्या मुलीमुळे. "मॅडम, सकाळी लेन्स छान बसते, संध्याकाळी डोळे लाल होतात आणि वाचायला बसलं की कपाळ ठणकतं," असं ती सांगत होती. आधीच्या लेन्स संपल्यावर तिने एका दुकानातून दुसऱ्या कंपनीच्या लेन्स घेतल्या होत्या, कारण "नंबर तोच" होता. तिच्याजवळच्या चिठ्ठीवर तीनच गोष्टी होत्या: उजवा −8.00, डावा −8.00, मंथली.

स्लिट लॅम्पवर तिला पापण्या मिटायला सांगितल्या. लेन्स जागची हलेना. खालच्या पापणीने ती हलकेच वर ढकलली, तेव्हा जड पावलांनी थोडी सरकली आणि परत यायलाही वेळ लागला. लेन्स काढून फ्लुरेसिन घातलं, तर डोळ्याच्या पांढऱ्या भागावर लेन्सच्या कडेचा वळ गोल उमटलेला दिसला आणि त्या खाचेत हिरवा रंग साचला. (सॉफ्ट लेन्स डोळ्यात असताना फ्लुरेसिन घालू नका, लेन्स रंगते.) के-रीडिंग घेतलं तर 41.00 च्या आसपास, म्हणजे कॉर्निया सपाटीकडे झुकणारा. जुनी लेन्स 8.8 ची होती आणि नवी निघाली 8.4 ची.

तर पहिला शब्द बेस कर्व्ह. लेन्सच्या मागच्या पृष्ठभागाच्या वक्रतेची ही त्रिज्या, मिलिमीटरमध्ये. आकडा लहान तितकी लेन्स खोल, आकडा मोठा तितकी सपाट; खोल वाटी आणि पसरट ताटली आठवा, म्हणजे गोंधळ होणार नाही. के-रीडिंग डायॉप्टरमध्ये असेल तर 337.5 ला त्याने भागा, त्रिज्या मिळते: 41.00 म्हणजे 8.23 मिमी, 45.00 म्हणजे 7.50 मिमी. सॉफ्ट लेन्स या त्रिज्येपेक्षा सपाटच निवडली जाते. बेस कर्व्ह तोच ठेवून डायमीटर वाढवला तरी लेन्स अधिक खोल, म्हणजे घट्ट बसते. शिवाय मटेरियलचा ताठरपणा आणि कडेची घडण कंपनीगणिक बदलते, म्हणून एका ब्रँडची 8.6 दुसऱ्या ब्रँडच्या 8.6 सारखी बसेलच असं नाही. ब्रँड बदलला की ट्रायल लेन्स घालून, थोडा वेळ थांबून, हालचाल पुन्हा बघायलाच हवी. पापणी मिटल्यावर साधारण 0.2 ते 0.5 मिमी हालचाल ठीक समजतात. पेशंटचं बोलणंही नीट ऐका. पापणी मिटल्यावर क्षणभर स्वच्छ दिसतं आणि मग धूसर होतं, असं म्हणाला तर घट्ट लेन्सची शंका घ्या. मिटल्याबरोबर धूसर होत असेल तर सैल लेन्सची.

दुसरा शब्द व्हर्टेक्स डिस्टन्स. त्या मुलीचं कपाळ ठणकत होतं ते यापायी. चष्म्याची काच डोळ्यापासून सुमारे 12 मिमीवर असते, लेन्स थेट कॉर्नियावर. त्यामुळे ±4.00 च्या पुढे चष्म्याचा नंबर जसाच्या तसा उतरवायचा नसतो. 12 मिमीवरचा −8.00 लेन्समध्ये −7.25 होतो. चिठ्ठीवरचा चष्म्याचा नंबर तसाच उतरल्याने तिला पाऊण नंबर जास्त गेला होता आणि वाचताना डोळ्यांवर तेवढा जादा ताण पडत होता. प्लसमध्ये उलट होतं, +10.00 चा जवळपास +11.25 होतो. सिलिंडर असेल तर दोन्ही मेरिडियनचं गणित वेगवेगळं करा: −6.00 ला −2.00 सिलिंडर असेल तर लेन्स −5.50 ला −1.75 ची लागते.

टोरिक लेन्समध्ये ॲक्सिस नुसता लिहून भागत नाही, लेन्स डोळ्यात फिरते का तेही बघावं लागतं. लेन्सवरची खूण तुमच्या डावीकडे सरकली असेल तर तेवढे अंश मिळवा, उजवीकडे सरकली तर वजा करा. 10 अंशांची फिरकी म्हणजे सिलिंडरचा सुमारे एक तृतीयांश भाग न सुधारता राहणं.

तिसरा शब्द डीके, आणि त्याच्यासोबत डीके/टी. डीके हा मटेरियलचा गुण, त्यातून ऑक्सिजन किती सहज जातो ते सांगणारा. डीके/टी म्हणजे प्रत्यक्ष त्या जाडीच्या लेन्समधून किती जातो. खोक्यावरचा किंवा पत्रकातला आकडा बहुधा −3.00 च्या लेन्सच्या मध्यभागाचा असतो. 28 डीकेच्या मटेरियलची 0.084 मिमी जाडीची लेन्स 33 च्या आसपास देते, तीच 0.2 मिमी जाड झाली की 14. होल्डन आणि मर्ट्झ यांनी 1984 साली दिवसा वापरायच्या लेन्ससाठी सुमारे 24 आणि झोपेत ठेवायच्या लेन्ससाठी 87 ही मर्यादा मांडली. मोठ्या नंबरवाल्याला लेन्स देताना हे आकडे समोर ठेवा. पाण्याचं प्रमाण जास्त म्हणजे ऑक्सिजन जास्त, हा नियम साध्या हायड्रोजेलचा. सिलिकॉन हायड्रोजेलमध्ये ऑक्सिजन मुख्यतः सिलिकॉनमधून जातो, तिथे तो लावू नका.

चौथी जोडी सगळ्यात धोक्याची: वापरण्याची मुदत आणि बदलण्याची मुदत. "डेली वेअर" म्हणजे दिवसा घालून झोपण्यापूर्वी काढायची; "डेली डिस्पोझेबल" म्हणजे रात्री काढून फेकायची. दुकानात दोन्हींना नुसतं "डेली" म्हणतात. एका तरुणाने एकदाच वापरायच्या लेन्स आठवडाभर डबीत ठेवून वापरलेल्या मी पाहिल्या आहेत. मंथली म्हणजे पाकीट फोडल्यापासून महिना, तीस वेळा वापर नव्हे, आणि महिनाभर न काढणंही नव्हे. सलाइनने लेन्स धुता येते, निर्जंतुक होत नाही. त्याला सोल्यूशनच लागतं, तेही रोज नवं. नळाचं पाणी लेन्सला किंवा डबीला लावू नका, असं प्रत्येकाला बजावा. त्यातून होणारा अकँथअमीबाचा संसर्ग कॉर्निया कायमचा खराब करू शकतो. डोळा लाल, दुखरा आणि उजेड सहन न होणारा असेल तर लेन्स काढायला लावा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे पाठवा.

त्या मुलीला काही दिवस चष्म्यावर ठेवलं, डोळा निवळल्यावर 8.8 ची −7.25 बसवली आणि तिची तक्रार थांबली.

म्हणून माझं विद्यार्थ्यांना कळकळीचं सांगणं आहे: तुमच्या चिठ्ठीवर डोळा, ब्रँड, बेस कर्व्ह, डायमीटर, पॉवर, असल्यास सिलिंडर आणि ॲक्सिस, कधी काढायची, कधी फेकायची, सोल्यूशन कोणतं आणि पुन्हा दाखवायला कधी यायचं, हे सगळं असलंच पाहिजे. यातला एक रकाना जरी रिकामा असला तरी लेन्स पेशंटच्या हाती देऊ नका.