नेम, पिस्तूल आणि खिसा
(द्वितीय वर्ष, कला)

नेमबाजी हा श्रीमंतांचा खेळ, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. मीही तसेच समजत होतो. परंतु १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले आणि आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातील खेड्यापाड्यांतील मुलांच्या मनात एक नवीच आशा निर्माण झाली. कुसाळे यांचे पदक रायफलचे. पण त्या रायफलीत जे .२२ चे काडतूस लागते, तेच २५ मीटर पिस्तूल स्पर्धेतही लागते. आणि त्या प्रकारात आमच्याच कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले होते.

एन.सी.सी.च्या शिबिरात मी .२२ रायफलीने पहिल्यांदा पाच गोळ्या झाडल्या. त्यांतल्या चार एका बशीत मावतील एवढ्या जागेत लागल्या. झाले! आपले स्वतःचे एक पिस्तूल असावे, हे वेड डोक्यात शिरले. माझे वडील दुसऱ्याच्या शेतात राबतात. घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हस इकूया. पर मला सांग, त्यातलं चांगलं कंचं नि वाईट कंचं, तुला कळतंय न्हवं?"

मला कळत नव्हते. म्हणून दिवाळीच्या सुटीत मी या विषयाचा जमेल तसा अभ्यास केला. प्रस्तुत लेख म्हणजे वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर होय.

प्रथम 'रिमफायर' म्हणजे काय ते पाहू. मोठ्या काडतुसाच्या बुडाच्या मध्यभागी पेट घेणारी टोपी बसविलेली असते. रिमफायर काडतुसात तोच स्फोटक मसाला बुडाच्या पोकळ कडेत भरलेला असतो. पिस्तुलातील खिळा त्या कडेवर आदळला की ती चेपते व मसाला पेटतो. कड चेपली जावी म्हणून काडतुसाचा पत्रा पातळ ठेवावा लागतो, आणि पातळ पत्रा फार दाब सोसू शकत नाही. म्हणून हे काडतूस कमी ताकदीचे असते. शिकणाऱ्याच्या दृष्टीने मात्र ही उणीव नसून लाभच आहे. कारण झटका कमी, आवाज कमी आणि किंमतही कमी. आज सर्वत्र चालणारे '.२२ लाँग रायफल' हे काडतूस १८८७ साली अमेरिकेत निघाले. त्याची नेहमीची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅमची असते.

आता 'परवडणारे' म्हणजे काय? याचे एक चांगले उदाहरण अमेरिकेतच सापडते. १९४९ साली तेथे रुगर कंपनीने साडेसदतीस डॉलरला एक .२२ पिस्तूल बाजारात आणले. साधी बांधणी, पक्का नेम आणि माफक किंमत यांमुळे ते घरोघरी गेले. परंतु साफ करण्यासाठी उघडले की पुन्हा जोडताना मालकाच्या नाकी नऊ येत. एका कळीने उघडण्याची सोय त्याच वंशातील २०१६ च्या 'मार्क फोर'मध्ये झाली. तात्पर्य, दुकानातील किंमत ही पहिली किंमत असते, शेवटची नव्हे.

निवड करताना पुढील गोष्टी पाहाव्यात, असे माझे मत झाले आहे.

पहिली गोष्ट, पुढची माशी व मागची खाच यांतील अंतर. २५ मीटर स्पर्धेत हे अंतर जास्तीत जास्त २२० मिलिमीटर असू शकते. अशा पिस्तुलाची माशी एक मिलिमीटर हलली, तर २५ मीटरवर गोळी सुमारे ११४ मिलिमीटर सरकते. हेच अंतर १०० मिलिमीटर असेल, तर गोळी २५० मिलिमीटर, म्हणजे वीतभराहून जास्त सरकते. अचूक नेमाच्या लक्ष्यावर दहा गुणांचे वर्तुळ अवघे ५० मिलिमीटर व्यासाचे असते! म्हणून खिशात मावणारे छोटे पिस्तूल स्वस्त असले तरी शिकणाऱ्याच्या कामाचे नाही.

दुसरी गोष्ट, चाप. स्पर्धेच्या नियमानुसार तो किमान १००० ग्रॅम वजन पेलणारा असावा लागतो. फार जड किंवा अडखळणारा चाप ओढताना नळीच बाजूला जाते. चाप मऊ नसला तरी चालेल, पण दर वेळी सारखाच सुटला पाहिजे.

तिसरी गोष्ट, मूठ. दुसऱ्याने वाखाणलेले पिस्तूल आपल्या हातात बसेलच असे नाही. हात लांब करून अर्धा मिनिट धरून पाहावे. थरथर आपोआप खरे काय ते सांगते.

चौथी आणि सर्वांत मोठी गोष्ट, गोळ्या. एका स्पर्धेला ६० गोळ्या लागतात. आठवड्यातून तीन दिवस तेवढा सराव करावयाचा, तर १८० होतात. वर्षाचे पन्नास आठवडे धरले तरी ९००० गोळ्या! म्हैस विकून पिस्तूल येईल. पण गोळ्यांसाठी दर वर्षी म्हैस कोठून आणावयाची? शिवाय गोळीविना चाप ओढण्याचा फुकटचा सरावही येथे जपून करावा लागतो; कारण काडतूस नसताना खिळा कक्षाच्या काठावर आदळून पिस्तुलाची खराबी होऊ शकते.

यापुढे कायदाही आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे अशा पिस्तुलाला परवाना लागतो व सामान्यतः वयाची २१ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. मी एकोणीस वर्षांचा. प्रशिक्षणात, देखरेखीखाली वापरण्याची मुभा त्याआधीही आहे. पण ती वाट मंडळातून, म्हणजे क्लबातून जाते.

मग आपल्यासारख्यांनी काय करावे? माझे उत्तर असे की, आरंभ मंडळाच्या हवेच्या पिस्तुलाने करावा. त्यात ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा असतो आणि अंतर १० मीटर. पण ते सोपे समजू नये. तेथे दहाचे वर्तुळ अवघे साडेअकरा मिलिमीटरचे असते. माशी, खाच, श्वास आणि चाप यांचा मेळ येथेही तोच. स्पर्धेच्या बहुतेक हवाई पिस्तुलांत छऱ्याविना चाप ओढण्याची सोयही असते. मात्र तेही खेळणे नव्हे. नळी नेहमी लक्ष्याकडे, बोट चापाबाहेर आणि सराव संपताच हात धुणे, हे नियम तेथेही पाळावेच लागतात. हात स्थिर झाला, गुण वाढले, की पुढे .२२ चे पिस्तूल मंडळाच्या छत्राखाली वापरावे. स्वतःच्या पिस्तुलाचा विचार त्यानंतर.

हे सारे मी वडिलांना गोठ्यात बसून सांगितले. ११४ आणि २५० चा हिशेब त्यांना फार आवडला. म्हणाले, "म्हंजे नांगराची गत. मुठीत बोटभर चुकलं, तर तासात हातभर चुकतंय." एवढे अभ्यासून मला जे सांगता आले नसते, ते त्यांनी एका वाक्यात सांगितले.

म्हैस गोठ्यातच आहे. तिच्या दुधाच्या पैशांतून शनिवारचे एस.टी.चे भाडे आणि ५०० छऱ्यांचा एक डबा निघतो. कॉलेजला माझी एकच विनंती आहे. जिमखान्याने एक हवेचे पिस्तूल घेतले व एक जाणता शिक्षक नेमला, तर माझ्यासारख्या अनेकांना आपला हात स्थिर आहे की नाही, एवढे तरी कळेल. ज्याच्या गोठ्यात विकायला म्हैसही नाही, त्याला ते दुसरीकडे कोठे कळणार?