तिकडचे बंडोबा थंडोबा कसे होतात?

प्रश्न : अमेरिकेत अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी एकाच पक्षातले नेते महिनोन्‌महिने एकमेकांची जाहीर उणीदुणी काढतात. मग एक दिवस हरलेला नेता जिंकलेल्याच्या शेजारी उभा राहून ‘यांनाच निवडून द्या’ म्हणतो. आपल्याकडे तिकीट कापलं की संध्याकाळपर्यंत अपक्ष अर्ज तयार! तिकडचं हे मनोमिलन खरं असतं की फोटोपुरतं? (एक वाचक, मिरज)

उत्तर : फोटोसाठी असतंच. पण फोटो निघण्याआधी पडद्यामागे बरीच देवाणघेवाण झालेली असते. ती नीट झालेली नसेल, तर तेही फोटोत दिसतं. दोन्ही तऱ्हेचे फोटो इतिहासात आहेत. आधी जमलेला पाहू.

२७ जून २००८. न्यू हॅम्पशायर राज्यातलं युनिटी नावाचं खेडं, वस्ती जेमतेम दीड हजार. युनिटी म्हणजे एकी, तेव्हा नावाचा योग होताच. पण हे गाव निवडायला आणखी एक कारण होतं. जानेवारीत इथे डेमोक्रॅटिक पक्षाची प्रायमरी, म्हणजे उमेदवार ठरवण्याची पक्षांतर्गत निवडणूक झाली, तेव्हा बराक ओबामांना १०७ मतं पडली आणि हिलरी क्लिंटन यांनाही बरोबर १०७. त्या गावातल्या शाळेच्या मैदानावर दोघं एकत्र आले. हिलरींचा सूट फिकट निळा, ओबामांचा टायही निळा. लग्नात दोन्हीकडच्यांनी रंग आधी ठरवून घ्यावेत, तसा थाट.

हेच दोघं पाच महिने एकमेकांशी झुंजत होते. रात्री तीन वाजता व्हाइट हाउसमधला फोन वाजतो, तो उचलायला अनुभवी माणूस नको का, असं विचारणारी हिलरींची जाहिरात तेव्हा गाजली होती. रोख अर्थातच ओबामांच्या नवखेपणावर होता. दोघांनाही पावणेदोन कोटींच्या आसपास मतं पडली. ३ जूनला ओबामांनी पक्षाच्या अधिवेशनातल्या प्रतिनिधींच्या बहुमताचा आकडा गाठला, तरी त्या रात्री हिलरींनी हार मान्य केली नाही. ५ जूनला सिनेटर डायान फाइनस्टाइन यांच्या वॉशिंग्टनमधल्या घरी दोघांची गुपचूप भेट झाली. यजमानीणबाईंनी दिवाणखान्यात समोरासमोर दोन खुर्च्या मांडून दिल्या, पाणी ठेवलं आणि त्या स्वतः वरच्या मजल्यावर निघून गेल्या. मध्यस्थ नाही, समर्थक नाहीत. दोन दिवसांनी, ७ जूनला, हिलरींनी जाहीर भाषणात ओबामांना पाठिंबा दिला.

यानंतर हिशेबाचा भाग सुरू झाला. हिलरींच्या प्रचारावर २ कोटी डॉलरहून जास्त कर्ज चढलं होतं आणि त्यातला मोठा भाग त्यांनी स्वतःच्या खिशातून घातलेला होता. ओबामांनी आपल्या देणगीदारांना ते फेडायला हातभार लावायला सांगितलं. स्वतः ओबामा आणि त्यांच्या पत्नी मिशेल यांनी प्रत्येकी २,३०० डॉलर दिले. कायद्याने एका माणसाला तेव्हा तेवढेच देता येत होते. कर्जाच्या मानाने रक्कम किरकोळ, पण देणगीदारांना जो संदेश पोचायचा तो पोचला. ते कर्ज पुरतं फिटायला मात्र चार वर्षं लागली.

खरा कस लागला ऑगस्टमध्ये, डेन्व्हरच्या अधिवेशनात. तिथे एकेका राज्याचं नाव पुकारतात आणि त्या राज्याचे प्रतिनिधी आपली मतं जाहीर करतात. निकाल माहीत असताना हिलरींचं नाव पुकारायचंच कशाला, असं म्हणून ते वगळणं सोपं होतं. ते वगळलं नाही. त्यांच्या मतदारांची मतं सभागृहात मोजली जावीत, एवढा मान ठेवला. पुकारा न्यू मेक्सिकोपर्यंत आला, तेव्हा त्या राज्याने आपली पाळी ओबामांच्या इलिनॉयला दिली आणि इलिनॉयने ती हिलरींच्या न्यूयॉर्कला. हिलरी सभागृहात आल्या आणि नियम बाजूला ठेवून ओबामांची निवड आवाजी मतदानाने करावी, असा ठराव त्यांनी स्वतः मांडला. हरलेल्या उमेदवाराच्याच तोंडून जिंकलेल्याचं नाव जाहीर झालं. त्यावर हिलरींच्या समर्थकांना बोलायला जागा उरली नाही.

सगळेच गप्प बसले असं नाही. ‘पक्षाची एकी गेली खड्ड्यात’ अशा अर्थाचं, पण याहून शिवराळ नाव घेऊन हिलरींच्या काही समर्थकांनी गट काढला होता. त्यांच्या मतदारांतले काही जण रिपब्लिकन जॉन मॅकेन यांच्याकडे गेलेही. तरी नोव्हेंबरात, मतदान करून बाहेर पडलेल्यांच्या पाहणीनुसार, दहातल्या जवळजवळ नऊ डेमोक्रॅट मतदारांनी ओबामांना मत दिलं. जानेवारी २००९ मध्ये हिलरी त्यांच्याच मंत्रिमंडळात परराष्ट्रमंत्री झाल्या.

आता बिघडलेला फोटो. ऑगस्ट १९८०, न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. विद्यमान अध्यक्ष जिमी कार्टर यांना त्यांच्याच पक्षाचे टेड केनेडी यांनी आव्हान दिलं होतं. प्रायमरीत केनेडी मागे पडले, तरी प्रतिनिधींना प्रायमरीच्या निकालातून मोकळं करा, हा आग्रह त्यांनी अधिवेशनापर्यंत सोडला नाही. तो फेटाळला गेला, तेव्हा कुठे त्यांनी माघार घेतली. शेवटच्या रात्री कार्टर यांचं भाषण संपलं आणि सगळे केनेडींची वाट पाहत थांबले. ते उशिरा आले, हस्तांदोलन केलं, इतरांशी बोलले, मंचावर इकडून तिकडे फिरले. कार्टर त्यांच्या जवळ जाऊन उभे राहत होते. पण दोघांनी हातात हात घालून उंचावलेला, कार्यकर्ते ज्याची वाट पाहत होते तो फोटो काही मिळाला नाही. देशाने हे सगळं टीव्हीवर पाहिलं. नोव्हेंबरात कार्टर यांना अध्यक्ष ठरवणाऱ्या ५३८ इलेक्टोरल मतांपैकी फक्त ४९ मिळाली. महागाई होती, इराणमध्ये अमेरिकी लोक ओलीस होते, तेव्हा सगळा दोष त्या न निघालेल्या फोटोवर टाकता येणार नाही. पण जो पक्ष आतूनच दुभंगलेला दिसतो, त्याला बाहेरची लढाई जड जाते.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग : बंडखोरी का होत नाही?

होत नाही असं नाही. १९१२ साली माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना रिपब्लिकन पक्षाने उमेदवारी नाकारली. त्यांनी सरळ नवा पक्ष काढून निवडणूक लढवली. मतं फुटली, विद्यमान अध्यक्ष टॅफ्ट यांच्या पदरात अवघी ८ इलेक्टोरल मतं पडली आणि डेमोक्रॅट वुड्रो विल्सन आरामात निवडून आले. हा धडा तिकडे अजून सांगितला जातो.

पुढे वाट आणखी अरुंद झाली. बहुतेक राज्यांत असे नियम आहेत की प्रायमरी हरलेल्याला त्याच निवडणुकीत अपक्ष म्हणून उभं राहता येत नाही, किंवा तोवर अर्जाची मुदत संपलेली असते. अध्यक्षपदाला हे नियम कितपत लागू होतात यावर वाद आहेत. पण पन्नास राज्यांत वेगवेगळ्या मुदतींत हजारो सह्या गोळा करायच्या, या कल्पनेनेच बंडोबांचा निम्मा थंडोबा होतो.

मला याहून महत्त्वाचं कारण वेगळं वाटतं. आपल्याकडचा नाराज इच्छुक म्हणतो, ‘माझं तिकीट कापलं.’ कापणारा वर कुठेतरी, मुंबईत नाही तर दिल्लीत, बंद दाराआड बसलेला असतो. यादी पहाटे येते आणि कारण कधीच येत नाही. आपण का हरलो हेच न कळलेल्या माणसाला हार पचवा म्हणणं अवघड. तिकडे नाव मतदारांनी नाकारलेलं असतं आणि आकडे सगळ्यांसमोर असतात. त्यामुळे रुसायला जागा कमी आणि पुढच्या खेपेला परत यायला जागा जास्त. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत तिसरे आले. ते त्याच पक्षात राहिले, २०२० मध्ये राज्याच्या विधिमंडळात गेले आणि २०२२ मध्ये गर्दीची प्रायमरी जिंकून अमेरिकी संसदेत पोचले.

मोजणीवरचाच विश्वास डळमळला, की मात्र त्यांचंही मनोमिलन आपल्यासारखंच लटपटतं. २०१६ मध्ये डेमोक्रॅटिक प्रायमरीत हिलरींशी लढलेले बर्नी सँडर्स यांच्या समर्थकांचा राग सुपरडेलिगेटवर होता. हे सातशेच्या वर नेते आणि पदाधिकारी प्रायमरीच्या निकालाला बांधील नसत, आणि त्यांतले बहुतेक आधीपासूनच हिलरींच्या बाजूने होते. त्यात अधिवेशनाच्या तोंडावर पक्षकार्यालयातले ईमेल फुटले, सँडर्स यांच्याविषयीची नाराजी उघड झाली आणि पक्षाध्यक्षांना पद सोडावं लागलं. सँडर्स यांनीही आठ वर्षांपूर्वीच्या हिलरींसारखाच आवाजी निवडीचा ठराव मांडला. विधी तोच होता, पण त्यानंतर त्यांचे शेकडो प्रतिनिधी सभागृहातून उठून गेले. नोव्हेंबरात मिशिगन, विस्कॉन्सिन आणि पेनसिल्व्हेनिया ही तीन राज्यं हिलरींनी मिळून ८० हजारांहून कमी मतांनी गमावली. एवढ्या थोड्या फरकात रुसलेला कार्यकर्ताही हिशेबात धरावा लागतो. २०१८ मध्ये पक्षाने नियम बदलला. चुरस असेल, तर सुपरडेलिगेटना पहिल्या फेरीत मत नाही.

२०१६ मध्येच रिपब्लिकन अधिवेशनात, उमेदवारीच्या शर्यतीत हरलेले टेड क्रूझ यांनी ट्रम्प यांना पाठिंबा द्यायचं टाळलं आणि लोकांना सदसद्विवेकबुद्धीला स्मरून मत द्यायला सांगितलं. सभागृहाने त्यांची हुर्यो उडवली. आपल्याकडच्या जुन्या वाचकांना इथे १९६९ ची राष्ट्रपती निवडणूक आठवेल. तेव्हा इंदिरा गांधींनी असाच अंतरात्म्याचा हवाला दिला आणि वर्ष संपायच्या आत काँग्रेस फुटली. ट्रम्प मात्र क्रूझ यांच्या रुसव्यानंतरही जिंकले. म्हणजे एकी झाली नाही तर हार ठरलेलीच, असंही नाही.

तेव्हा तुमच्या प्रश्नाला सरळ उत्तर : मनं जुळतातच असं नाही, आणि जुळावीत अशी अटही नाही. आपण हरलो ते मोजणीत, कुणाच्या कारस्थानात नाही, एवढं हरलेल्याच्या माणसांना पटलं आणि त्यांचा चारचौघांत मान राहिला, तर एकी टिकते. २०२८ मध्ये असा फोटो पुन्हा छापून येईल. तेव्हा उंचावलेले हात बघून पान उलटू नका. हरलेल्याची मतं अधिवेशनात पुकारली गेली का, ते बातमीत शोधा.