बनियनची वळकटी

चि. बाळ,

बाजाराच्या दिवशी मेडिकलवाल्याने मामाला थांबवून विचारलं, "भाच्याचा पाय कसा आहे आता?" मामाला काय उत्तर द्यावं कळेना. मग एकेक बाहेर आलं. तुझ्या दोस्ताने त्याच्याकडून दुखण्याच्या गोळ्यांची चार पाकिटं आणि क्रेप बँडेज नेलं होतं, बेळगावला पाठवायचं म्हणून.

तोच दोस्त गेल्या महिन्यात दोन बनियनची वळकटी घेऊन घरी आला होता. "एवढं पार्सलात घाला," म्हणाला. आईने ती चिवड्याच्या डब्याशेजारी ठेवली. वर मांजरपाट मामाने शिवलं, पत्ता मामाने लिहिला, आणि स्पीड पोस्टाच्या खिडकीवर आत काय आहे असं विचारल्यावर "खाऊ आणि कपडे" हेही मामानेच सांगितलं. ज्याचा जन्म टपालात गेला, त्याच्याच हातून तुझं दुखणं तू लपवून घेतलंस.

पाय नेमका कुठे दुखतो? नडगीवर बोट फिरवलं की एकाच ठिकाणी कळ येते का? रात्री पडल्यावर ठणकतो का? याचं उत्तर आधी दे.

तू का लपवलंस हे मामाला कळतं. अग्निवीराची नोकरी चार वर्षांची, आणि पुढे कायम होणार ते शंभरातले फार तर पंचवीस. पाय दुखतो म्हणून सिक रिपोर्ट केला तर रेलिगेट करतील, मागच्या बॅचला टाकतील, गावात तोंड कसं दाखवायचं, हेच ना? पण बेळगावात मराठा रेजिमेंटचं सेंटर १९२२ पासून आहे. शंभर वर्षांत तिथल्या उस्तादांनी लंगडणारे रंगरूट थोडे का पाहिलेत? एमआय रूम, म्हणजे तिथला दवाखाना, त्यांच्यासाठीच आहे.

पायाचं प्रकरण असं असतं. दौडताना हाडाला बारीक इजा होते आणि विश्रांतीत शरीर ती भरून काढतं. भरतीसाठी तू १६०० मीटर धावायचास आणि घरी येऊन झोपायचास. तिथे रोज बूट, रोज परेड, रोज दौड. भरून येण्याआधी पुन्हा मार बसतो आणि हाडाला चीर पडते. सुरुवातीला ती बहुतेक वेळा एक्स-रेतही दिसत नाही. सैनिकांचं हे दुखणं जुनंच आहे. ब्रायटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरने सैनिकांच्या सुजलेल्या पावलांबद्दल १८५५ साली लिहून ठेवलं, तेव्हा एक्स-रेचा शोधही लागला नव्हता. वेळेवर सांगितलं तर काही आठवड्यांच्या विश्रांतीवर भागतं. गोळीने चीर बुजत नाही. कळ तेवढी मरते, आणि त्याच पायावर तू आणखी दौडतोस.

मामाला हे नुसतं पुस्तकातून कळलेलं नाही.

आर्मी पोस्टल सर्व्हिसचं सेंटर नागपूरजवळ कामठीला आहे. त्या दलातली बरीचशी माणसं टपालखात्यातून आपखुशीने गेलेली असतात. मामाही तसाच गेला, १९८८ साली. टपालवाले म्हणजे कारकून, यांना परेड काय जमणार, असं कुणी म्हणू नये म्हणून उजवं पाऊल सुजलेलं असताना तो तीन आठवडे गप्प राहिला. शेवटी मैदानातच बसला. पाऊल प्लॅस्टरमध्ये गेलं, आणि नेमकं तेव्हाच आजीचं पार्सल आलं, डिंकाच्या लाडवांचं. वाटेत त्यांचा भुगा झाला होता. मामाने घरी कार्ड टाकलं : तब्येत उत्तम, लाडू सगळ्यांनी मिळून खाल्ले.

सुट्टीवर आला तेव्हा आजीने अंगणातूनच त्याची चाल पाहिली. रागावली नाही. पाय धुवायला पाणी दिलं आणि विचारलं, "लाडू खरंच धड पोचले होते का रे?" मामाने हो म्हटलं. आजी गेली तरी ते हो तसंच राहिलं.

पुढे १९९९ च्या उन्हाळ्यात, लढाईच्या दिवसांत, मामा दिल्लीत होता, ५६ एपीओच्या टपालाची छाननी करत. या पत्त्यावर गावाचं नाव नसतं. नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि ५६ एपीओ, बस्स. पोरगं कुठे आहे हे घरच्यांनाही ठाऊक नसतं, तरी पार्सलं येत राहतात. कुठल्या कापडातून तुपाचा वास यायचा, कुठल्यावर हळदीचं बोट उमटलेलं असायचं. काही पार्सलं घ्यायला माणूसच उरला नव्हता, ती पाठवणाऱ्याकडे परत निघायची. तुझं पार्सल शिवताना मामाला ती आठवत होती. म्हणून त्या वळकटीचं इतकं लागलं.

असो. झालं ते झालं. उद्या सकाळी उस्तादांना सांग, "साहब, पैर में दर्द है," आणि एमआय रूमला जा. राहिलेल्या गोळ्या डॉक्टरसमोर ठेव, किती खाल्ल्यास तेही सांग. मागच्या बॅचला टाकलं तर टाकू दे. कसम परेड दोन महिने उशिरा झाली तरी आई त्यासाठीच ठेवलेल्या पातळात येईल, घडी मोडायची थांबली आहे.

तिला अजून काही सांगितलेलं नाही. ते तूच रविवारी फोनवर सांग.

नवं पार्सल तयार आहे. जाड सुती मोज्यांचे चार जोड, बूटपॉलिश, सुईदोरा आणि लाडू. पॉवर बँक पाठवणार नाही, आणि पार्सलात रोकड कोंबणं टपालाच्या नियमात बसत नाही. वरचं कापड फाटलं तर अडायला नको म्हणून पत्त्याची एक चिठ्ठी आतही ठेवली आहे. त्या चिठ्ठीबरोबर पन्नास पैशांचं पोस्टकार्ड आहे, मामाचा पत्ता घातलेलं. डाव्या बाजूला त्याने एक पाय काढला आहे. चित्र साधलेलं नाही, पण जिथे दुखतं तिथे फुली मार, म्हणजे झालं.

या वेळी लाडू एकेक करून कागदात गुंडाळले आहेत, मधे कुरमुरे भरले आहेत. पोचले की कळव. फुटले असतील तर फुटले म्हणून लिही.

तुझा,
मामा