स्तनार्बुदाच्या शस्त्रकर्मानंतर आखडलेला खांदा : घरी करावयाचा व्यायाम

स्तनार्बुदाचे शस्त्रकर्म होऊन सात आठवडे झालेली एक रुग्णा आमच्याकडे आली. तिचा हात खांद्याच्या पातळीवर जात नव्हता. टाके तुटतील या भीतीने घरच्यांनी तिला पाण्याचा तांब्याही उचलू दिला नव्हता. किरणोपचारासाठी हात डोक्याकडे नेऊन स्थिर ठेवावा लागतो. तेच जमत नसल्याने तो उपचार लांबला होता. तिला हवे होते तेल. आम्हीही सवयीने अवबाहुक समजून अभ्यंग-स्वेद लिहिण्याच्या बेतात होतो.

अंसदेशी स्थित वायू तेथील बंधने शुष्क करतो व सिरा आकुंचित करतो, असे अवबाहुकाचे वर्णन सुश्रुतांनी केले आहे. अशा रुग्णांची लक्षणे त्याच्याशी वरवर जुळतात. परंतु येथे हेतू शस्त्राघाताचा आहे आणि बहुधा काखेतील लसग्रंथीही काढलेल्या असतात. अशा बाहूवर जोरकस मर्दन वा तीव्र स्वेद केल्यास शोथाला निमंत्रण मिळू शकते. किरणोपचार चालू असताना तर त्या त्वचेवर तेल वा लेप आपल्या मनाने लावूच नये. म्हणून आमच्या मते येथे प्रथम स्थान व्यायामाला आहे.

शस्त्रकर्माच्या दुसऱ्या दिवसापासून मूठ मिटणे-उघडणे, कोपर वाकविणे, खांदे हलके फिरविणे एवढेच करावे. पहिला आठवडा व निचऱ्याची नळी असेपर्यंत हात खांद्याच्या पातळीवर नेऊ नये. घाईने जखमेतील द्रव वाढतो. स्तनाची पुनर्रचना झाली असल्यास शल्यचिकित्सकाचा शब्द अंतिम मानावा. खांदा आखडण्याचा धोका अधिक असलेल्या ३९२ स्त्रियांवरील ब्रिटनमधील अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ७ ते १० दिवसांनी सुरू केलेल्या नियोजित व्यायामाने वर्षभरानंतर बाहूचे कार्य अधिक चांगले आढळले.

पुढील व्यायामास एक लांब काठी व एक भिंत पुरते. (लाटणे आखूड पडते, बंद छत्री चालते.) उताणे झोपून काठी दोन्ही हातांनी धरावी व निरोगी हाताच्या बळावर सावकाश डोक्यामागे न्यावी, पाच अंक मोजून परत आणावी. नंतर भिंतीसमोर उभे राहून बोटांनी मुंगीसारखे वर चढावे आणि जेथे ताण येईल तेथे पेन्सिलीने खूण करावी. हेच भिंतीकडे कूस करूनही करावे. प्रत्येकी पाच ते सात वेळा, दिवसातून दोनदा. येथे अर्धशक्तीचा नियम अक्षरशः पाळावा : ताण जाणवावा, कळ येऊ नये. व्यायामानंतर वेदना रेंगाळली तर दुसऱ्या दिवशी आवर्तने कमी करावीत, बंद करू नयेत.

काही जणींना काखेतून कोपराकडे दोरीसारखा ताठ पट्टा लागतो. रुग्णा घाबरते, तो बहुधा हलक्या ताणाने हळूहळू सैल होतो. मात्र हात अचानक सुजणे, लाली व ताप येणे, जखमेतून स्राव होणे यांत व्यायाम थांबवून त्वरित शल्यचिकित्सकाकडे पाठवावे. अंसफलक पंखासारखा बाहेर आलेला दिसल्यास नाडीचा आघात संभवतो. तेथे भौतिकोपचारतज्ज्ञाचे साहाय्य घ्यावे.

आमच्या रुग्णेच्या भिंतीवरील खुणा प्रारंभी बोटभर अंतराने सरकल्या, मग वितीने. पाचव्या आठवड्यात तिचा किरणोपचार सुरू झाला. त्यानंतरही खांदा पुन्हा आखडू शकतो, म्हणून काठी व भिंत आम्ही अद्याप चालू ठेवली आहेत.