भुंगेऱ्याची नवी जात : सापडते कशी आणि ठरते कशी?



वर्तमानपत्रात अधूनमधून एक छोटी बातमी येते : 'सह्याद्रीत भुंगेऱ्याच्या नव्या जातीचा शोध'. ती वाचून आपल्याला वाटतं, कुणीतरी जंगलात गेलं, झाडाची साल उचलली, खाली किडा दिसला, झाला शोध! पण किडा सापडणं हा या कामातला सगळ्यात छोटा भाग आहे. तो 'नवा' आहे हे सिद्ध करायला कधी कधी कित्येक वर्षं जातात. ते काम कसं चालतं, हे आज लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांच्या उदाहरणाने समजून घेऊ. त्यासाठी मनाने पानशेतला जाऊ या.

पानशेत आपल्याला माहीत असतं ते धरणामुळे. राजगड (पूर्वीच्या वेल्हे) तालुक्यातली आंबी नदी, तानाजीसागर जलाशय आणि १२ जुलै १९६१ रोजी धरण फुटून पुण्यात आलेला पूर. पण जलाशय सोडून डोंगराच्या अंगाला चढा. आंबा, जांभूळ, उंबर, ऐन, हिरडा अशी झाडं लागतात. त्यातल्या एखाद्या जुन्या आंब्याच्या बुंध्याकडे नीट बघा. सालीला भोक आणि खाली ओलसर भुसा पडलेला दिसला, तर आत कुणीतरी राहतं आहे असं समजा. शेतकरी या किडीला भिरूड म्हणतात. शास्त्रीय नाव बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटा. तिचं वर्णन स्वीडनच्या द गेअर यांनी १७७५ मध्ये केलं. म्हणजे पुण्यात पेशवाई होती तेव्हा!

या भुंगेऱ्याची मादी सालीला खाच पाडून अंडं घालते. अळी आधी सालीखालचा भाग खाते आणि मग लाकडात शिरते. आत बोगदे करत ती कित्येक महिने काढते, तिथेच कोष करते आणि पावसाळ्याच्या तोंडावर भुंगेरा बाहेर पडतो. त्याचं जवळजवळ सगळं आयुष्य लाकडाच्या आत, आपल्या नजरेआड जातं. बाहेर फिरण्याचे दिवस थोडे. अशा अनेक जाती आजवर कुणाच्याच वहीत का आल्या नाहीत, याचं मोठं कारण हेच.

एक गंमत सांगतो. किडा दिसला नाही तरी भोक बरंच काही सांगतं. गोल किंवा लंबगोल, बोट जाईल इतकं भोक असेल तर बहुधा लांब मिशांच्या भुंगेऱ्याचं. भिरूड याच कुळातला. एका बाजूला सपाट, म्हणजे इंग्रजी 'डी' अक्षरासारखं असेल, तर चकचकीत रंगांच्या भुंगेऱ्यांचं. तुम्ही ज्याला सोनपाखरू म्हणता तो याच दुसऱ्या कुळातला. आणि टाचणीने टोचल्यासारखी बारीक, पुष्कळ भोकं असतील तर ती अगदी छोट्या साल-किड्यांची असू शकतात.

आता समजा, पानशेतला जूनच्या एका रात्री दिव्यावर लांब मिशांचा एक भुंगेरा आला. भिरुडासारखा वाटतो, पण थोडा निराळा आहे. नवी जात म्हणायची का?

थांबा. आधी हा कुठल्या कुळातला ते बघायचं. भिंगाखाली पाय धरा आणि पावलाचे भाग मोजा. चार दिसतील. खरे असतात पाच! चौथा भाग इतका बारीक की तिसऱ्याच्या दोन पाळ्यांत दडलेला असतो. मग डोळे बघा, ते मिशीच्या बुडाशी खाच पडल्यासारखे वळलेले असतात. चेहरा सरळ खाली उतरतो की पुढे झुकतो, यावरून उपकुळ कळायला मदत होते. हे सगळं झाल्यावर खरी परीक्षा सुरू होते : जगात आजवर वर्णन झालेल्या सगळ्या जवळच्या जातींशी तुलना.

भारतात लांब मिशांच्या भुंगेऱ्यांच्या दीड हजारांहून अधिक जातींची नोंद आहे. यासाठीचा जुना आधारग्रंथ म्हणजे चार्ल्स गाहान यांनी 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' मालिकेत १९०६ मध्ये लिहिलेला खंड. त्याही आधीची वर्णनं लॅटिनमध्ये, कधी एक-दोन ओळींची, आणि पत्ता म्हणून नुसतं 'भारत'! एवढ्या त्रोटक वर्णनावरून काय ओळखणार? मग त्या लेखकाने ज्या किड्यावरून वर्णन लिहिलं, तो मूळ नमुनाच बघावा लागतो. आपल्याकडच्या कितीतरी कीटकांचे मूळ नमुने लंडन, पॅरिस, कोपनहेगन इथल्या संग्रहालयांत आहेत. म्हणजे किडा पानशेतचा, पण तो नवा आहे की जुना याचं उत्तर सातासमुद्रापार एका पेटीत टाचणीला टोचलेलं. हे मला नेहमी खटकतं. पण वस्तुस्थिती तशी आहे.

यात घाई केली तर काय होतं, याचं एक उत्तम उदाहरण जगात घडलेलं आहे. चीनमध्ये बीजिंगजवळ पाद्री आर्मां दाव्हिद यांनी गोळा केलेल्या कीटकांत एक हिरवा, जेमतेम सेंटीमीटरभर लांबीचा भुंगेरा होता. फ्रान्सच्या लेओं फेअरमेअर यांनी १८८८ मध्ये त्याचं वर्णन केलं, नाव दिलं अॅग्रिलस प्लॅनिपेनिस. पुढे १९३० मध्ये चेक संशोधक ओबेनबर्गर यांनी याच भुंगेऱ्याला 'नवी जात' समजून अॅग्रिलस मार्कोपोली असं दुसरं नाव दिलं. नियम असा की आधीचं नाव टिकतं, म्हणून मार्कोपोली गेलं.

गोष्ट इथे संपत नाही. २००२ मध्ये अमेरिकेत, मिशिगन राज्यातल्या डेट्रॉईट शहराच्या परिसरात अॅश नावाची झाडं वाळताना दिसली. सालीखाली एक हिरवा भुंगेरा सापडला. तिथल्या तज्ज्ञांना तो ओळखता येईना. शेवटी नमुने युरोपात गेले आणि स्लोव्हाकियातल्या एका तज्ज्ञाने ओळख पटवली : हा तर फेअरमेअर यांचा १८८८ चा भुंगेरा! बहुधा मालाच्या लाकडी खोक्यांतून तो चीनकडून आला असावा. तोवर तो तिथे काही वर्षं पसरत होता. पुढे त्याने कोट्यवधी झाडं मारली. पण त्याला नाव आणि वर्णन होतं म्हणूनच तो कुठला, मूळ देशात कोणत्या झाडांवर जगतो, त्याला कोण खातं, हे शोधायला सुरुवात तरी करता आली. वर्णनच नसतं तर विचारायचं कुणाला आणि काय?

म्हणून वर्णन लिहिताना एकच कसोटी : ज्याने हा किडा कधी पाहिला नाही, अशा परक्या माणसाला शंभर वर्षांनी तो ओळखता आला पाहिजे. 'मोठा, राखाडी रंगाचा, सुंदर भुंगेरा' हे वर्णन नव्हे. भिरुडाचं कसं लिहाल? 'लांबी साधारण २५ ते ५५ मिलिमीटर. मिशा अकरा भागांच्या. छातीच्या वरच्या बाजूला दोन नारिंगी-लालसर ठिपके. छातीच्या दोन्ही बाजूंना एकेक काटा. पंखकवचाच्या बुडाशी काळे, चमकदार, दाण्यांसारखे उंचवटे.' यात सुंदर कुठेच नाही, पण किडा डोळ्यांसमोर येतो ना?

नुसत्या रंगावर मात्र भरवसा ठेवू नका. किडा सुकला की रंग फिका पडतो. अळीला खायला कमी मिळालं तर भुंगेरा लहानखुरा निघतो. नराच्या मिशा मादीपेक्षा लांब असतात. म्हणून एका नमुन्यावर विसंबण्याऐवजी जमतील तितके नर-माद्या तपासतात. नराचे जननअवयव रसायनात भिजवून, वेगळे काढून, सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची चित्रं काढतात. कारण दिसायला सारख्या दोन जातींत फरक बरेचदा तिथेच सापडतो. हल्ली डीएनएचीही जोड देतात.

मग एक नमुना निवडून त्याला होलोटाइप म्हणायचं. सन २००० पासून प्राण्याच्या नव्या जातीसाठी असा मूळ नमुना जाहीर करणं आंतरराष्ट्रीय नियमाने सक्तीचं आहे. तो घरच्या कपाटात ठेवून चालत नाही. आपल्या २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार नव्या जातीचा नमुना नेमून दिलेल्या संस्थेत जमा करावा लागतो. १९१६ मध्ये स्थापन झालेली भारतीय प्राणी सर्वेक्षण ही अशी संस्था. तिचं मुख्यालय कोलकात्याला आहे आणि पश्चिम विभागाचं केंद्र आपल्या पुण्यात, आकुर्डीला. पानशेतच्या नव्या भुंगेऱ्याला आता लंडनला जायची गरज नाही, बरं का!

नाव शेवटी. गावावरून ठेवायचं तर बहुधा 'एन्सिस' हा प्रत्यय लागतो; आपल्या कल्पनेतल्या भुंगेऱ्याचं 'पानशेतेन्सिस' होईल. पुरुषाच्या नावावरून 'आय', स्त्रीच्या नावावरून 'ई'. स्वतःचं नाव देण्यावर नियमाची बंदी नाही, पण लोक हसतात.

एक ओळ मात्र बहुतेक वर्णनांत कोरी राहते : 'अळी कोणत्या झाडात वाढते?' दिव्यावर आलेला भुंगेरा कोणत्या झाडातून आला हे तो सांगत नाही. आणि त्याला लागणारं वाळकं खोड, पडलेली फांदी आपण 'कचरा' म्हणून उचलतो, जाळतो, किंवा जमीन साफ करताना झाडासकट काढतो. ही ओळ भरायला लंडन नको, भिंग नको. पानशेतला राहणारा माणूस ती सगळ्यात चांगली भरू शकतो.

स्वाध्याय : परिसरातलं एक पोखरलेलं झाड निवडा. किडा पकडू नका (वनक्षेत्रात त्यासाठी परवानगी लागते), झाड सोलू नका. वहीत पुढील नोंद करा आणि जून संपेपर्यंत दर आठवड्याला तिथे जा.

गाव, तालुका, जिल्हा :
तारीख, वेळ :
झाडाचं नाव (गावातलं नाव आधी) :
झाड जिवंत की वाळलेलं :
भोकाचा आकार (शेजारी पट्टी धरून फोटो काढा) :
भुसा ताजा की जुना, कोरडा की ओला :
नोंद करणाऱ्याचं नाव :